ऑस्करला ‘काहीही’ घालू नका

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या फिशटँकवर लेख आला होता. त्यात ऑस्कर माशाबद्दल ‘सर्वभक्षी आहे, काहीही खातो’ एवढं एकच वाक्य होतं. असल्याच एका वाक्यावर विसंबून मी एक मासा घालवला आहे, म्हणून हे पत्र.

आठ वर्षांपूर्वी नातवंडांना झाडगावचं मत्स्यालय दाखवून आणलं आणि घरी येताच दोघांनी टँकचा हट्ट धरला. दोन इंचांचा टायगर ऑस्कर आणला. दुकानदाराने सोबत वीस बारके गोल्डफिश बांधून दिले. “रोज दोन सोडा, मधूनमधून कोंबडीची कलेजी घाला, बघा कसा वाढतो!” वाढला खरा, वर्षात वीतभर झाला. मग डोळ्यांच्या वर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसायला लागले, बघता बघता ते मुगाच्या दाण्याएवढे झाले. विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबायची. मी दुकानातून आणून औषधं टाकत राहिलो. चौदाव्या महिन्यात तो गेला. “आजोबा, आपण त्याला कमी घातलं का?” असं धाकटीने विचारलं, तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर मी वाचायला बसलो. गोल्डफिशच्या अंगात थायमिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते ब-१ जीवनसत्त्व नासवतं. शिवाय दाटीवाटीने कोंबलेले हे चारा-मासे कृमी आणि रोग सोबत घेऊन येतात. कोंबडी-बोकडाची चरबी माशाला नीट पचत नाही, यकृताभोवती साचते. डोक्याला खड्डे पडण्यामागे एकच कारण नसतं, पण घाण पाणी आणि निकस खाणं ही दोन नावं त्यात हमखास येतात. माझ्या टाकीत दोन्ही होती.

ऑस्कर मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथे तो किडे, गोगलगायी, कोळंबी, लहान मासे खातो, पाण्यात पडलेली फळंसुद्धा खातो. दुसरा ऑस्कर आणला तेव्हा हे डोळ्यांपुढे ठेवलं. रोजचा आधार म्हणजे सिक्लिड माशांसाठीचे (ऑस्कर याच कुळातला) चांगले दाणे. पाकिटावर पहिलं नाव माशाच्या पिठाचं हवं, गव्हाच्या पिठाचं नको. पिशवीतले सुटे दाणे घेत नाही. हवा लागून त्यातलं क जीवनसत्त्व उडतं. लहान पाकीट आणतो आणि झाकण घट्ट लावतो.

आठवड्यातून दोनदा मिरकरवाडा बंदरावरून ताजी कोळंबी आणतो, कवचासकट, मीठ-मसाला न लावता. ती खाताना त्याला बघावं! तोंडात ओढून घेतो, घशातल्या दातांनी कुरकुर चावतो, थुंकतो, पुन्हा उचलतो आणि कल्ल्यांतून कवचाचे कपटे बाहेर उडतात. पावसाळ्यात परसातली गांडुळं रात्रभर ओल्या कागदात ठेवून, सकाळी धुऊन घालतो. मात्र फवारणी झालेल्या बागेतली गांडुळं अजिबात नकोत. गांडूळखताची तांबडी गांडुळं आमच्या माशाने तोंडात घेऊन थुंकली. त्यांच्या अंगातून कडवट पिवळा रस निघतो. पोट फुगलंसं वाटलं तर उकडलेला मटार, साल काढून.

पिल्लू असताना दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं, आता मोठा झाल्यावर एकदाच, दोन-तीन मिनिटांत फस्त होईल एवढं. शनिवारी उपास. काचेशी येऊन तो तोंड उघडतो, शेपूट हलवतो, घरातल्यांना राहवत नाही. त्यासाठी डब्यावर मी शनिवारचा कागदच चिकटवला आहे. कलेजीची चटक लागलेला ऑस्कर दाण्यांना तोंड लावत नाही, अशी तक्रार लोक करतात. एका शेजाऱ्याचा मासा आठ दिवस रुसून बसला आणि नवव्या दिवशी दाणा खाल्ला. तब्येतीने धडधाकट मोठा मासा तेवढा उपास सहज काढतो. तेवढे दिवस घरच्यांनी मन घट्ट करायला हवं.

नीट सांभाळला तर हा मासा फूटभर वाढतो, दहा-बारा वर्षं जगतो. आमचा आता सात वर्षांचा आहे, कपाळ गुळगुळीत आहे. आपल्या पुरवणीत ऑस्करच्या खाण्यावर अर्धं पान जरूर छापावं. दुकानदार बंधूंनाही विनंती आहे की दोन इंचांचं पिल्लू देताना सोबत गोल्डफिशची पिशवी बांधू नका, दाण्यांचं लहान पाकीट द्या.

— एक निवृत्त एसटी मेकॅनिक, रत्नागिरी