स्क्रीन आला, पण दाखल नोंदवही कुणाकडे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात सारखा कुठल्या ना कुठल्या शाळेतल्या डिजिटल वर्गाच्या उद्घाटनाचा फोटो असतो, फीत, नारळ, मागे तो मोठ्ठा स्क्रीन आणि त्यावर 'सुस्वागतम'. छान आहे, स्क्रीनबद्दल माझी काही तक्रार नाही. मी पुण्यातल्या एका शाळेत बरीच वर्षं अर्धवेळ ग्रंथपाल होते, आता रिटायर झालेय, आणि असा फोटो बघितला की मला हटकून वाटतं, अहो पण ह्यावर जे दाखवणार ते ठेवलंय कुठे आणि सांभाळतंय कोण?

का विचारते ते सांगते. १२ जुलै २०२१ ला पानशेतच्या पुराला ६० वर्षं झाली. तेव्हा शाळा ऑनलाइनच होती. आमच्या भूगोलाच्या सरांनी ओंकारेश्वरापाशी उभं राहून मोबाईलवर एक छोटा व्हिडिओ केला, धरण फुटलं म्हणजे नेमकं काय झालं, पाणी कुठून कुठे शिरलं, आणि शेवटी शनिवार पेठेतल्या एका आजींना बोलतं केलं, ज्यांनी १९६१ साली ते पाणी जिन्याच्या पायऱ्या चढताना स्वतः बघितलं होतं. मुलं अक्षरशः गप्प बसून बघायची. पुढच्या वर्षी नववीच्या वर्गाला दाखवायला म्हणून लिंक उघडली तर 'परवानगी मागा' असं आलं. ते फोल्डर होतं एका तरुण सरांच्या खाजगी अकाउंटवर, ते दुसरीकडे नोकरीला गेले, जागा भरली म्हणून त्यांनी जुनं सगळं साफ केलं. त्यांची काय चूक, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ही शाळेची मालमत्ता आहे. भूगोलाच्या सरांचा मोबाईल मधल्या काळात बदललेला. संपलं.

आता गंमत बघा, लायब्ररीतलं २० रुपयांचं पुस्तक हरवलं तर माझ्याकडून लेखी खुलासा घेतला असता, कारण त्याला दाखल क्रमांक आहे, दाखल नोंदवहीत, म्हणजे पुस्तकं नोंदायच्या रजिस्टरात, ओळ आहे, दर मे महिन्यात मोजणी आहे. आणि ह्या व्हिडिओची कुठे एक ओळ नाही, त्यामुळे तो हरवला हेसुद्धा कागदोपत्री कुणाला सांगता येत नाही!

मग मी आणि दहावीच्या दोन मुली दर शनिवारी शाळा सुटल्यावर बसायला लागलो. आधी सगळ्या शिक्षकांच्या मोबाईलमधून, पेन ड्राइव्हमधून, व्हॉट्सॲप ग्रुपांमधून माल गोळा केला. नावं काय सांगू, 'गणित नवीन', 'गणित नवीन फायनल', 'फायनल खरंच', आणि बाकी नुसते व्हॉट्सॲपने दिलेले आकडे. एकच कृतिपत्रिका ११ वेळा निघाली. त्यात मराठीच्या जुन्या फायली युनिकोडच्या (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी सारखंच दिसावं म्हणून ठरलेल्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधल्या, म्हणजे तो फॉन्ट कॉम्प्युटरवर नसेल तर धड्याच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि शोधायला गेलं तर 'समास' टाइप करून काहीच सापडत नाही, त्या एक एक करून युनिकोडमध्ये आणाव्या लागल्या आणि रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागली. विज्ञानाच्या जुन्या सीड्या तर वायाच गेल्या, त्यातले चलतचित्राचे पाठ फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायचे आणि २०२० च्या डिसेंबरअखेर फ्लॅश कायमचं बंद झालं. वाळवी फक्त कागदालाच लागते असं नाही.

नोंदीसाठी आम्ही साधं एक्सेल शीट केलं. क्रमांक, नाव, इयत्ता, विषय, धडा, कुणी केलं, कधी केलं, कुठल्या वर्षीच्या पुस्तकावर आहे, फाइल कुठे आहे, वापरायची परवानगी काय. एवढंच. नंतर कळलं की जगभरातले ग्रंथपाल साधारण हेच करतात, त्याला डब्लिन कोअर म्हणतात, त्यात १५ रकाने, सुरुवात १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावात झाली (मला इतके दिवस आयर्लंडचं वाटत होतं). 'कुठल्या वर्षीचं पुस्तक' हा रकाना आमचा आमच्या अनुभवातून आलेला, कारण दहावीची पुस्तकं २०१८ ला बदलली आणि त्याआधीच्या कृतिपत्रिका बिनधास्त फिरत होत्या, मुलं बिचारी नसलेल्या धड्याची उत्तरं शोधत होती. पण जुन्या आम्ही उडवल्या नाहीत, वेगळ्या फोल्डरात ठेवल्या, कधी कामाला येतील सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो परवानगीच्या रकान्यावरून. निम्म्या कृतिपत्रिका म्हणजे अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाईडच्या पानांचे सरळ फोटो. शिकवण्याच्या ओघात वर्गापुरतं वापरायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, २०१६ साली दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्सवाल्याच्या केसमध्ये (पुस्तकांतली पानं विद्यार्थ्यांना झेरॉक्स करून दिली म्हणून प्रकाशकांनी त्याच्यावर खटला भरला होता) दिल्ली हायकोर्टाने ती बरीच मोकळेपणाने लावली सुद्धा. पण वर्गात वाटणं वेगळं आणि गाईडचं गाईड स्कॅन करून सगळ्या जगासाठी उघडं ठेवणं वेगळं, ते मला तरी पटत नाही, म्हणून ती पानं आम्ही बाजूला काढली. स्वतः केलेल्या साहित्यावर शिक्षकांनी क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स लिहून द्यावं असं सुचवलं, म्हणजे आमचं नाव ठेवा आणि खुशाल वापरा. बऱ्याच जणांनी आनंदाने दिलं. एक बाई म्हणाल्या, मी रात्र रात्र जागून केलेलं शेजारच्या शाळेने का वापरायचं? त्यांच्या नोंदीपुढे 'फक्त आपल्या शाळेसाठी' लिहिलं, तोही त्यांचा हक्कच.

कुणी म्हणेल ऑनलाइन शैक्षणिक साहित्याचं सरकारचं दीक्षा पोर्टल आहे की. आहे ना, ५ सप्टेंबर २०१७ पासून आहे, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की तिथे जाता येतं, मी स्वतः वापरते. पण त्यात आमच्या शनिवार पेठेतल्या आजी कशा असतील? जे सगळ्या राज्याला लागतं ते तिकडे, आणि जे आपल्या नदीचं, आपल्या मुलांच्या नेहमीच्या चुकांचं आहे ते आपल्यालाच ठेवावं लागणार. आणि पुण्याला हे काही नवीन नाही, गोखले संस्थेच्या ग्रंथालयाने जुनी दुर्मीळ पुस्तकं स्कॅन करून डीस्पेसवर ठेवली, डिजिटल संग्रह सांभाळायचं ते सॉफ्टवेअर २००२ पासून फुकट मिळतं. शाळेला एवढं मोठं कशाला, एक शीट आणि नीट लावलेली फोल्डरं पुरे.

म्हणून संस्थाचालकांना आणि शिक्षण खात्याला माझं म्हणणं एवढंच की स्क्रीनला पैसे मंजूर करताना त्याच कागदावर दोन ओळी वाढवा. अकाउंट शाळेच्या नावाचं, पासवर्ड किमान दोघांकडे, एक प्रत हार्ड डिस्कवर आणि ती डिस्क शाळेच्या बाहेर, नाहीतर क्लाउडवाल्याने, म्हणजे इंटरनेटवर जागा देणाऱ्या कंपनीने, नियम बदलले की बसा. गूगलने शिक्षणसंस्थांची अमर्याद फुकट जागा २०२२ मध्ये बंद केलीच की, संस्थेला मिळून १०० टेराबाइट, म्हणजे साधारण एक लाख जीबी केली, आमच्यासारख्या शाळेला ती भरपूर आहे पण उद्याचं कुणी सांगावं. आणि दुसरी ओळ ग्रंथपालाच्या तासांची. अर्धवेळ माणसाला पुस्तकं द्या-घ्यायलाच वेळ पुरत नाही, आमचे शनिवार फुकटचे होते आणि त्या मुलींची दहावी संपल्यावर तेही थांबले. मे महिन्यात पुस्तकांबरोबर लिंका पण मोजा, कुठली उघडते कुठली नाही, दोन दिवसांचं काम आहे.

जाता जाता, २०२१ ला आमच्याकडे नववी-दहावीत असलेल्या कुणाच्या जुन्या मोबाईलमध्ये, आईबाबांच्या व्हॉट्सॲपमध्ये तो पुराचा व्हिडिओ अजून पडून असेल तर कृपा करून शाळेत आणून द्या. शीटमध्ये त्याची ओळ मी रिकामी ठेवलीय, क्रमांकासकट.

आपली,
एक निवृत्त अर्धवेळ ग्रंथपाल, पुणे