बांबू लावा म्हणालात, आता काठीला गिऱ्हाईक दाखवा

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

हे पत्र कृषिमंत्र्यांना लिहावं, वनमंत्र्यांना की ऊर्जामंत्र्यांना, हे मला ठरवता आलं नाही. रोपांचं विचारलं की एक खातं, वाहतुकीचं विचारलं की दुसरं, वीज केंद्रात जाळायचं म्हटलं की तिसरं. त्यामुळे ज्यांच्या टेबलावर हा विषय येतो त्यांनी पत्र आपल्यालाच लिहिलंय असं समजावं.

गेल्या मंगळवारी मी पाच टन बांबू ट्रॅक्टरवर लादून सत्तर किलोमीटरवरच्या एका पेलेट कारखान्यावर नेला. पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्या. फोनवर भाव ठरला होता टनाला 4,000. दोन रात्री फाटकाबाहेर काढल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी एका पोरानं काठीत यंत्र टोचलं आणि म्हणाला, ओलावा जास्त आहे, 1,700 देतो, नाहीतर परत न्या. तोडणीला माझे 4,000 गेले होते, ट्रॅक्टरचं भाडं 5,000. पाच टनाचे 8,500 घेतले असते तर पदरचे 500 घालून मी त्यांना बांबू पोचता केला असता. मी माल परत आणला. परतीचं भाडं वेगळं.

ताज्या तोडीच्या बांबूत निम्मं पाणीच असतं आणि पेलेटला वाळलेला माल लागतो, हे मला आज कळलंय. जानेवारी 2020 मध्ये तालुक्याच्या मेळाव्यात हे कोणी सांगितलं नाही. तिथं सांगितलं ते असं : चौथ्या वर्षापासून एकरी 40 टन, पाणी कमी, राखण नको, विक्रीची चिंता नको, कारखाने दारात येऊन काठी नेतील. त्या जुलैत सोयाबीनचं चार एकर रान मोडून मी बाल्कोआ या जाड काठीच्या बांबूची साडेचौदाशे रोपं लावली. अनुदानाचा पहिला हप्ता आला, पुढच्या हप्त्यांसाठी मी अजून हेलपाटे घालतोय. पहिल्या उन्हाळ्यात चारशे रोपं जळाली. उरलेली मोठी झाली तेव्हा कळलं, सगळी बाल्कोआ नव्हतीच. काही बेटं बोटाएवढ्या काठ्यांची निघाली. यंदा पहिली तोड केली, एकरी अकरा टन पडला.

माझी तक्रार फक्त पैशाची नाही. मुरमाड रान, दीड फुटावर मुरूम, ठिबकवर विहिरीचं पाणी, रोपं किती गेली, बेटाला कोंब किती आले, टन किती निघाला, हे सगळं माझ्या वहीत तारखेनिशी लिहिलेलं आहे. ते बघायला इतक्या वर्षांत एकही माणूस बांधावर आला नाही. झपाट्यानं वाढणाऱ्या झाडापासून इंधन करायचं, हे आपल्या भागासाठी अजून संशोधनच आहे. मग त्याचा प्रयोग कोणाच्या रानात चाललाय आणि त्याची नोंद कोण ठेवतंय?

हे आमच्या घरात पहिल्यांदा घडत नाही. आबांनी ऐंशीच्या दशकात सुबाभूळ लावली होती. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंच्या संस्थेनं ते झाड शेतकऱ्यापर्यंत नेलं, त्यात खोट नव्हती. चारा मिळाला, सरपण मिळालं. मग 1988 च्या सुमारास शेंड्यावर उड्या मारणाऱ्या बारीक किडी देशात आल्या आणि कोवळी पालवी झडू लागली. आबा विचारत फिरले, सांगणारं जवळ कोणी नव्हतं. शेवटी झाडं मोडून जळणाला विकली. 2003 नंतर मोगली एरंडाची लाट आली. पडीक रानावर डिझेल पिकणार होतं. 2009 च्या केंद्राच्या धोरणात 2017 पर्यंत पेट्रोल-डिझेलमध्ये 20 टक्के जैवइंधन मिसळायचं उद्दिष्ट होतं, जैवडिझेलचं मिश्रण एक टक्क्यालाही पोचलं नाही. माझ्या चुलत्यांनी बांधाला लावलेल्या एरंडाचं बी पोत्यातच राहिलं. तेव्हा काय चुकलं, बियाणं की पाणी की बाजार, याचा हिशेब तुम्ही आमच्यासमोर कधी मांडला?

उसाकडे बघा. उसाला 1932 पासून पाडेगावचं संशोधन केंद्र आहे. को 86032 हा वाण आमच्या रानात आला तो आधी तिथल्या वाफ्यांत पारखून. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव आहे, भाव थकला तर भांडायला कायदा आहे. बांबूला यातलं काय आहे? परभणीच्या विद्यापीठाची दैनंदिनी उघडली की सोयाबीनचा कोणता वाण कोणत्या जमिनीत किती उतरतो ते मिळतं. मराठवाड्याच्या मुरमाड रानात कोणता बांबू किती पाणी पिऊन किती टन वाळलेला माल देतो, हे मला त्याच भाषेत छापून हवंय. दापोलीला आणि अकोल्याला वनशास्त्राची महाविद्यालयं आहेत, तिथली मुलं आमच्या बांधावर पाठवा.

पाण्याचं मी मुद्दाम विचारतोय. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. त्याच जिल्ह्यात लाखो रोपं लावायला सांगताना, दुष्काळी वर्षात ती विहिरीतून किती ओढतील हे कोणी मोजलं होतं का? मेळाव्यात आता आसामातल्या नुमालीगडचे फोटो दाखवतात, बांबूपासून इथेनॉल. सप्टेंबर 2025 मध्ये त्याचं उद्घाटन झालं, चांगली गोष्ट आहे. पण तिथला पाऊस आमच्याकडे नाही आणि तो कारखाना इथून दोन हजार किलोमीटरांच्या पलीकडे आहे.

बांबू वाईट नाही, साहेब. मी त्याच्याशी भांडत नाही. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत शेजाऱ्याची दोन एकर माती खरडून नदीला गेली. माझ्या रानातली जुनी ओघळ बेटांच्या मुळांनी धरून ठेवली. पाचोळ्याखाली मार्चमध्ये हात घातला तरी माती थंड लागते. खरडलेल्या जमिनीला मदत मिळते आणि मिळायलाच हवी, पण धरून ठेवलेल्या मातीची कोणत्या कागदावर नोंद आहे? झाडं हवेतला कार्बन धरतात त्याचे पैसे देतो म्हणून दोन माणसं येऊन माझ्या सह्या घेऊन गेली, तीही परत फिरकली नाहीत.

स्वीडनमधल्या एन्शपिंग गावाबद्दल मी वाचलं. गावाच्या सांडपाण्यातलं खतयुक्त पाणी तिथं विलो नावाच्या झाडांना देतात, झाडं कापून भुसा करतात आणि त्यावर गावाची घरं गरम होतात. आमच्या तालुक्याचं गटाराचं पाणी ओढ्यात जातं आणि मी विहिरीचं गोडं पाणी बांबूला घालतो. आपल्याकडेही जमलेलं आहे. यमुनानगरच्या बाजूला 1984 मध्ये काडेपेटीच्या कंपनीनं नाबार्डचं कर्ज आणि खरेदीची हमी देऊनच शेतकऱ्याच्या हातात पॉप्लरचं रोप ठेवलं. गिऱ्हाईक आधी, रोप नंतर.

इथं लागवडीचा आकडा आधी येतो. राज्याच्या वृक्षलागवड मोहिमेत 2016 ला दोन कोटी, 2017 ला चार, 2018 ला तेरा, 2019 ला तेहेतीस कोटी झाडं. खड्ड्याचे फोटो निघाले. झाड पाच वर्षांनी जिवंत आहे का हे पाहणारा अधिकारी कोण, त्याचं नाव सांगा. झाडाला वाढायला सहा वर्षं लागतात, तुमचा अधिकारी तीन वर्षांत बदलतो आणि तुम्ही पाच वर्षांत. जागेवर राहतो तो मी आणि माझं कर्ज.

केंद्राच्या नियमानं औष्णिक वीज केंद्रांना 2024-25 पासून कोळशात 5 टक्के जैवइंधन मिसळायचं आहे. परळीचं वीज केंद्र आमच्या शेजारी आहे, चंद्रपूरचं 2,920 मेगावॅटचं आहे. गिऱ्हाईक आहे, त्याच्यापर्यंत वाट नाही. तालुक्याला एक वाळवण्याची आणि भुसा करण्याची जागा द्या, तिथं सरकारी काटा ठेवा, ओलाव्यानुसार टनाचा भाव फळ्यावर लिहा. रोपवाटिकेनं दिलेलं रोप भलतंच निघालं तर भरपाई कोण देणार ते लिहून द्या. आणि 2017 मध्ये कायदा बदलून शेतातला बांबू झाड राहिला नाही, हे नाक्यावरच्या माणसाला कळवा. मंगळवारी त्यानं माझ्याकडे वाहतुकीचा पास मागितला आणि तासभर ट्रॅक्टर उभा ठेवला.

माझे पाच टन बांधावर पडून आहेत. वर ताडपत्री टाकली आहे. भुंगा लागायच्या आत उत्तर आलं तर त्यांचं काहीतरी करता येईल. वही दाखवायला मी कधीही तयार आहे, मंत्रालयात बोलावलंत तर तिथंही घेऊन येईन.

आपला,
औसा तालुक्यातला एक बांबू उत्पादक शेतकरी