गुलाबी पुरवणीतली एक ओळ

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालची स्तनकर्करोगावरची गुलाबी पुरवणी वाचली. 'पुरुषांनाही हा आजार होऊ शकतो' ही एकच ओळ सापडली, तीही सराफाच्या जाहिरातीवर. शंभर रुग्णांत पुरुष साधारण एकच, तेव्हा हिशेब चोख आहे म्हणायचा!

आमच्या ह्यांना स्तनाग्राशेजारी गाठ लागली. दुखत नव्हती. डॉक्टर म्हणाले, वयाची चरबी. पुढे सुईने पाणी काढले, ते लालसर निघाले. त्यात कर्करोगाच्या पेशी नाहीत असा रिपोर्ट आला आणि आम्ही निर्धास्त. गाठ पुन्हा भरली. मॅमोग्राफीला गेलो तर काउंटरवरच्या मुलीने गाऊन दिला माझ्या हातात! पेशंट हे आहेत म्हटल्यावर ती आत विचारायला गेली. मग 'शेवटची पाळी कधी?' हा रकाना भरल्याशिवाय तिचा संगणक पुढे सरकेना. बायकांच्या रांगेत हे मान खाली घालून बसलेले.

रेडिओलॉजिस्ट बाई मात्र भल्या. पुरुषांची छाती नुसती वाढली असेल, तर मॅमोग्राफीच्या फिल्मवर तिची सावली स्तनाग्राच्या बरोबर मागे पंख्यासारखी पसरते. ह्यांची बाजूला होती, गोल. सोनोग्राफीत पाण्याच्या पिशवीला आतून चिकटलेला मांसल कोंब दिसला, डॉपलरवर त्यात रक्तप्रवाहही. बायोप्सी त्या कोंबाची घेतली तेव्हा कळले: पॅपिलरी कार्सिनोमा, म्हणजे स्तनकर्करोगाचाच एक प्रकार. पुरुषांत अगदी विरळा. नुसते पाणी तपासून तो निसटू शकतो, हे आधी कोणी सांगितले असते तर मधले महिने वाया गेले नसते. शस्त्रक्रिया झाली, हे ठणठणीत आहेत, सकाळी पेपर माझ्याआधी बळकावतात.

तुमच्या तज्ज्ञांनी 'आई, मावशी, बहिणीला होता का?' एवढेच विचारले आहे. वडिलांचे, काकांचे काय? बीआरसीए-२ या जनुकातला, स्तनकर्करोगाचा धोका वाढवणारा दोष बापाकडूनही मुलीकडे येतो. ह्यांच्या निदानानंतर आमच्या मुलीलाही समुपदेशनाला जावे लागले.

आणि हो, गुलाबी कागदावर पांढरी अक्षरे छापायची कल्पना कोणाची? लक्षणांची चौकट मला भिंग घेऊन वाचावी लागली. सराफाचा फोन नंबर तेवढा ठळक काळ्यात आहे.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, मिरज
(कृपया नाव छापू नये. ह्यांना आवडणार नाही.)