कार्डिफचा लेखक राहून गेला

महोदय,

आपल्या पुरवणीतला इंग्रजी गुन्हेकथांवरचा लेख लंडनबाहेर फारसा पडलाच नाही. वेल्समधल्या कार्डिफचे जॉन एल. विल्यम्स त्यात हवे होते. १९८८ मध्ये तिथल्या गोदीलगतच्या वस्तीत एका तरुणीचा खून झाला. तिघा निरपराधांना जन्मठेप झाली, १९९२ मध्ये ते अपिलात सुटले. खरा खुनी डीएनएमुळे सापडून २००३ मध्ये दोषी ठरला. विल्यम्स यांनी या प्रकरणावर पुस्तक लिहिलं ते खरा खुनी सापडण्याच्या कितीतरी आधी! पुढे त्याच वस्तीतली माणसं त्यांच्या कथा-कादंबऱ्यांत आली.

नंतर ते चरित्रांकडे वळले. कार्डिफचीच गायिका शर्ली बॅसी, मग अमेरिकी गायिका-अभिनेत्री अर्था किट आणि २०२२ मध्ये सी. एल. आर. जेम्स. त्रिनिदादचे हे मार्क्सवादी विचारवंत क्रिकेटवरही तितक्याच अधिकाराने लिहीत. साक्षी-जबान्या पारखायची सवय असलेला लेखक चरित्रनायकाला सहजासहजी देव्हाऱ्यात बसवत नाही, असं मला वाटतं. आपल्याकडच्या चरित्रांबद्दल मात्र न बोललेलं बरं. क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात निदान जेम्स यांचं चरित्र तरी मराठीत यायला हवं. एखाद्या प्रकाशकाच्या कानावर घालाल का?

– एक वाचक, मिरज