पाळण्याखाली आम्हीपण असतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या पानावर एका वाचकाचं पत्र आलं होतं. लेकरांना घेऊन ते मोठ्या पार्कात गेले. रोलर कोस्टरच्या दारात मोबाइल, गॉगल, टोपी, खिशातलं पाकीट, सगळं काढून ठेवायला लावलं, वर लॉकरचे पैसे वेगळे घेतले, ही ग्राहकांची पिळवणूक आहे, असं त्यांचं म्हणणं. माझा मोबाइल पडला तर नुकसान माझं, यांना काय करायचंय, असंही त्यांनी विचारलंय.

त्यांना उत्तर द्यायला माझ्याइतकं योग्य माणूस सापडायचं नाही. मी कासारीण आहे. लोहा तालुक्यात राहते आणि जत्रा-उरुसात बांगड्यांचं पाल टाकते. माळेगावची खंडोबाची यात्रा, परभणीचा उरूस, लातूरला महाशिवरात्रीची सिद्धेश्वराची यात्रा, पैठणची नाथषष्ठी असं आमचं वर्ष फिरतं. आणि आमचं पाल बहुतेकदा आकाशपाळण्याच्या बुडाशी. गर्दी तिथंच थांबते, पाळण्यात बसायला भिणाऱ्या बाया तिथंच रेंगाळतात आणि मग हात पुढं करतात. म्हणून त्या जागेचं भाडंही जास्त. थोडक्यात काय, वरून जे जे पडतं ते आमच्यावर पडतं.

काय पडत नाही ते विचारा. चिल्लर तर रोजची. चपला, केळाची सालं, पॉपकॉर्नचे पुडे, मोटारसायकलच्या किल्ल्या, एकदा कुणाची तरी कवळी. अलीकडं मोबाइल. रील काढायला हात बाहेर काढायचा, पाळणा वरून खाली यायला लागला की पोटात गोळा येतो, बोटं सैल पडतात आणि मोबाइल सुटतो.

एका उरुसात मी एका नव्या नवरीच्या हातात हिरवा चुडा भरत होते. हे काम नाजूक असतं. अंगठा आत दुमडायचा, हाताची हाडं दाबून जवळ आणायची, बांगडी पेरांवर अडली की बाईला बोलण्यात गुंतवायचं आणि तेवढ्यात सरकवायची. तिची बांगडी अशी अर्ध्यात अडलेली, तिचा हात माझ्या दोन्ही हातांत, आणि ताडपत्री फाडून स्टीलची पाण्याची बाटली खाली आली. आली ती काचेच्या पेटीवर. पेटीचा चुरा, रेशमी बांगड्यांचे डझनावर डझन वाढले, म्हणजे फुटले, नवरीच्या मनगटाला काच लागली. आमच्या दोघींच्या डोक्यात आणि त्या बाटलीत वीतभर अंतर असेल. पाळणेवाला आला आणि म्हणाला, "मावशी, बाटली काय माझी नाही." त्याचं खरंच होतं. मग बाटलीवाला पोरगा उतरून आला. मला वाटलं माफी मागायला आला असेल. तो इकडंतिकडं बघून म्हणाला, "मावशी, झाकण सापडलं का?"

हसू येतं आता. तेव्हा आलं नव्हतं.

पाळण्याच्या तिकीटखिडकीवर पाटी लावलेली असते: 'आपल्या सामानाची जबाबदारी आपली राहील.' सगळा घोळ इथंच आहे. पाटी लावणारा आणि ती वाचणारा, दोघंही सामानाच्या मालकाचाच विचार करतात. हरवलं तर कुणाचं, फुटलं तर कुणी भरायचं. ज्याच्या अंगावर ते पडणार, तो त्या पाटीत कुठंच नाही. आपल्या वाचकाच्या पत्रातही नव्हता. मोठ्या पार्कातला नियम तुमचा मोबाइल वाचवायला केलेला आहे असं वाटतं म्हणून त्याचा राग येतो. तो मुख्यतः खालून चालणाऱ्या आणि मागच्या डब्यात बसलेल्या माणसासाठी आहे.

माझा थोरला पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. त्याला विचारलं, तर त्यानं हिशेब करून सांगितला. पन्नास फुटांवरून सुटलेली वस्तू जमिनीपर्यंत येते तेव्हा तिचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास असतो. आमच्या गावाकडच्या रस्त्यावर एसटीसुद्धा एवढी पळत नाही. त्यात पाळणा काय किंवा रोलर कोस्टर काय, स्वतः चालता असतो, त्यामुळं वस्तू सरळ खाली न येता गाडी चालली असेल त्या दिशेला भिरकावली जाते. ब्रेक डान्स, टोरा टोरा या गरगर फिरणाऱ्या खेळांच्या आसपास पाल टाकणाऱ्यांना हे शिकवायला लागत नाही. तिथली चप्पल कधी पायथ्याशी पडत नाही, पार भेळवाल्यापर्यंत जाते.

त्यानंच बाहेरदेशातलं वाचून दाखवलं. अमेरिकेत ऑरलँडोला युनिव्हर्सलच्या पार्कात दोन रोलर कोस्टर असे बांधले होते की दोन गाड्या समोरासमोर धावून यायच्या आणि शेवटच्या क्षणी बाजूला वळायच्या. २०११ साली तिथं बसलेल्या एका पर्यटकाला काहीतरी उडून लागलं आणि त्याचा डोळा गेला. त्यानंतर त्या गाड्या एकाच वेळी सोडणं पार्कनं बंद केलं. २०१५ पासून तिथल्या काही रोलर कोस्टरच्या रांगेत धातू शोधणारी यंत्रं बसवली, खिशात किल्ली राहिली तरी माणूस मागं फिरतो. त्याच २०१५ साली ओहायो राज्यातल्या सीडर पॉइंट पार्कात एक माणूस पडलेली वस्तू शोधायला कुंपणाच्या आत गेला आणि धावत्या गाडीचा धक्का बसून मेला.

हे शेवटचं ऐकून मी गप्पच झाले. कारण आमच्याकडं हे रोज चालतं. पाळणा चालू असतानाच दहा-बारा वर्षांची पोरं चप्पल आणायला बांबूच्या आडव्याखालून आत घुसतात. वरून पाळणे येतायत, पोरगं खाली वाकलेलं, आणि बाप बाहेरून ओरडतोय, "डावीकडं बघ, डावीकडं!"

म्हणून पार्कवाल्यांची कडक तपासणी मला चुकीची वाटत नाही. माझी भाची खोपोलीच्या इमॅजिका पार्कात जाऊन आली. तिथल्या नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरला पायाखाली फळीच नाही, पाय नुसते लोंबकळतात. अशा ठिकाणी सैल चप्पल घालून कुणी बसायचा हट्ट धरला, तर त्याला उतरवणारा रखवालदार शहाणाच म्हणायचा. मात्र लॉकरच्या पैशाबद्दल त्या वाचकाची तक्रार मला पटते. सामान आत न्यायचं नाही हा नियम तुमचा, मग ते ठेवायची सोयही तुमचीच हवी, आणि तिचा खर्च तिकिटातच धरावा. जागोजागी पैसे मागितले की माणूस वस्तू लपवून नेतो. मी गिऱ्हाइकं ओळखते. दहा रुपये वाचवायला पदराखाली काय काय लपवतात बाया!

बायांचंच निघालं म्हणून सांगते. नियम करणाऱ्यांना खिसे असतात. साडीला खिसा नाही, पंजाबी ड्रेसला बहुतेक नाही, म्हणून बाईचा मोबाइल हातात नाहीतर मांडीवर. 'मोबाइल खिशात ठेवा' अशी पाटी लावून तिला काय उपयोग? ओढणी ही तर पडणाऱ्या वस्तूपेक्षा वाईट, ती चाकात, साखळीत अडकते. रानात काम करताना आपण पदर खोचतो, ओढणी कमरेला गुंडाळतो, तसंच पाळण्यात बसताना करायला लावलं पाहिजे, आणि मोकळे केस बांधायला लावले पाहिजेत. मंगळसूत्र मात्र कुणी काढायला सांगू नये. कुठलीही बाई ते अनोळखी पोराच्या हातात देणार नाही, द्यायचंही नाही. ते आत घालून वरून पिन लावली की झालं. ते धातूचं यंत्र आमच्या जत्रेत आणलं तर जोडवी, पैंजण, करदोडे, मासोळ्या बघून ते दिवसभर ओरडतच बसेल.

आमच्या जत्रेला यंत्रापेक्षा साधी सोय पुरेल. देवळाबाहेर आपण चपला टोकन घेऊन ठेवतोच, कुणाला त्याचा राग येत नाही. तिकीटखिडकीजवळ तशीच एक मांडणी आणि टोकन हवं. चपला, बाटल्या, पिशव्या, टोप्या तिथं. मोबाइल अनोळखी माणसाकडं द्यायला जीव धजत नसेल, तर तो खाली थांबलेल्या आजीकडं द्यावा. जत्रेत प्रत्येक घरचं एक माणूस खाली थांबलेलं असतंच, त्याला आधी विचारायचं एवढंच. पाळण्याच्या खालच्या अंगाला जाळी लावावी आणि आत पोरगं शिरलं की पाळणा थांबलाच पाहिजे. पाळण्यावरच्या कामगार पोराला हे अधिकार मालकानं द्यायला हवेत. आज त्याला फेऱ्या किती झाल्या एवढंच विचारतात, म्हणून तो कुणाला अडवत नाही.

एक भीती आहे, ती आधीच लिहून ठेवते. हे पत्र छापून आलं की कुणीतरी साहेब म्हणेल, पाळण्याभोवती रिकामी पट्टी सोडा. पट्टी सोडायची म्हणजे पहिल्यांदा आम्हा पालवाल्यांना उठवणार. वस्तू वरून टाकतो एक आणि जागा जाते आमची, असा न्याय नको. वरच्याचे हात आधी रिकामे करा. त्यानंतरही पट्टी लागत असेल तर जागेचा नकाशा आखतानाच ती धरा, ऐनवेळी पोलीस पाठवून नको.

मार्गशीर्षात माळेगावची यात्रा भरेल. पाळण्यांना परवानगी देताना विजेची, मशिनची तपासणी होते. त्याच कागदावर आणखी एक ओळ घालावी की चढण्याआधी सुटं सामान काढून घेण्याची जबाबदारी पाळणेवाल्याची राहील, आणि ती पाळली नाही तर त्या दिवशीचा पाळणा बंद. यात्रेला तेलंगणा आणि कर्नाटकातूनही माणसं येतात, तेव्हा सूचना मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि हिंदीतही द्यावी. हरवलेली लेकरं ज्या भोंग्यावरून पुकारतात, त्याच भोंग्यावरून दर तासाला हे पुकारलं तर वेगळा खर्चही येणार नाही.

आपली,
एक कासारीण, ता. लोहा, जि. नांदेड