गुण्यावाल्या काकांना

काका, स. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. बिलावर दुकानाचं नाव छापलंय, खाली सही आहे, पण ती गल्ल्यावरच्या पोराची. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. कुणी ओळखीचा वाचेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल. सोलापूरच्या होम मैदानावर फेब्रुवारीत फर्निचर आणि मशिनरीचं प्रदर्शन भरलं होतं, त्यात अगदी शेवटच्या रांगेत, जनरेटरला लागून तुमचा स्टॉल होता. चष्म्याला दोरी आणि शर्टाच्या खिशात सुतारी पेन्सिल, एवढं माझ्या लक्षात आहे. आणि मी म्हणजे दहावीतल्या भाच्याला घेऊन आलेली ती बाई.

भाच्याचं आधी सांगते. तो पिशव्या धरायला आला होता. खिळा ठोकायला दिला तर बोट ठोकून घेईल असा पोरगा. तरी त्या दिवशी भाव मी विचारायचे आणि उत्तर त्याला मिळायचं. एका स्टॉलवर तर लाकडाच्या कडा तासायचा ट्रिमर त्याच्या हातात दिला, 'बघ, वजनाला किती हलका आहे.' मी पुढे केलेला हात तसाच. पुढच्या ठिकाणी 'साहेब आले नाहीत का?' त्याच्या पुढे 'मिस्त्रीला घेऊन या ताई, त्याला कळतंय.' मिस्त्री मीच आहे म्हटल्यावर तो गृहस्थ हसला आणि मला कुंडीतल्या झाडांच्या फांद्या कापायची करवत दाखवू लागला. पक्कं बिल मागितलं की चेहरे पडायचे. बिलाशिवाय घ्या, 18 टक्के जीएसटी वाचेल, हे इतक्या जणांनी हळू आवाजात सांगितलं की ते आता लाउडस्पीकरवरच सांगून टाका म्हणावंसं वाटलं.

तर तुमच्याकडे पोचले तेव्हा मी तापलेली होते. तुम्ही 'या ताई, काय करता कामाला?' असं विचारलंत, तेही मला टोमणाच वाटला. त्याबद्दल माफी.

मी काय करते ते तेव्हा नीट सांगितलं नाही. आमचे आप्पा सुतार. पूर्व भागात हातमाग चालायचे तोवर धोटे आणि मागाची लाकडी कामं, मग जिकडेतिकडे पॉवरलूम आले तसे पाट, चौरंग, देवघरं. ते गेले आणि त्यांची हत्यारांची पेटी भंगारात गेली, किलोच्या भावानं. मी सासरी होते. घरच्यांना दोष देत नाही. देतेही. एक रंधा तेवढा आईनं ज्वारीच्या कणगीमागे लपवून ठेवला होता. तो घेऊन तीन वर्षांपूर्वी मी विडी घरकुल वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू केलं. बाकी हत्यारं पैसे साठतील तशी एकेक घेतली. पहिला घेतला तो गुण्या, काटकोन बघायचं हत्यार, आपल्याच गावातल्या एका पेठेतल्या दुकानातून.

तेव्हापासून माझ्या देवघरांची दारं बसेनात. एक कोपरा टेकला की समोरचा उचलायचा. रंधा मारून मारून बसवायचे, मग खाली फट दिसायची. जुळे सोलापुरातल्या एका गिऱ्हाइकानं 'दिसतंय छान, पण दार तिरकं आहे' म्हणत पाचशे रुपये कापून घेतले. त्याचंही काही चुकलं नाही. गुण्या घेऊन मी दुकानात परत गेले. दुकानदारानं तो हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाला, 'गुण्या चुकत नसतो ताई, हात चुकतो.'

मला ते पटलं. वर्षभर पटलेलंच होतं. रात्री जेवणं आवरल्यावर शेडमध्ये बसून मी नुसत्या रेघा मारायचा सराव केलाय काका. भाच्याची जुनी वही भरली त्यात. आप्पांचा हात आपल्यात उतरला नाही, असं आईला एकदा बोलूनही दाखवलं.

तुमच्याकडे मी मोठा गुण्या मागायला आले होते. लहान गुण्यानं काम नीट होत नसेल, अशी मनाची समजूत. 'याच्याहून मोठा हवा' म्हणून जुना पिशवीतून काढला. तुम्ही तो डोळ्यांपाशी धरलात आणि काही बोलला नाहीत. टेबलाखालून प्लायचा तुकडा काढलात. त्याच्या कारखान्यातून आलेल्या कडेवर अंगठा फिरवलात, एक डोळा मिटून ती सरळ आहे का बघितलंत. मग पटाशीनं पेन्सिल तासत बसलात. मला वाटलं, एवढं काय. 'जाड रेघेत चूक लपती,' असं म्हणालात तुम्ही, माझ्याकडे न बघता.

गुण्याचा दांडा कडेला टेकवून रेघ मारली. मग गुण्या पालथा केलात. दांडा त्याच कडेला, पण आता तोंड दुसऱ्या बाजूला. पातं पहिल्या रेघेच्या बुडाशी आणलंत आणि तिथूनच दुसरी रेघ वर नेलीत.

खाली रेघा एक होत्या, वर गेल्या तशा फाकल्या. आठ इंचांवर दोन मिलिमीटर. मधे तांदूळ ठेवता आला असता. 'उलटल्यामुळं चूक दुप्पट दिसती. खरी ह्याच्या निम्मी,' म्हणालात. म्हणजे आठ इंचांना एक मिलिमीटर. माझ्या देवघराचं दार दीड फुटाचं. उभ्या उभ्या हिशेब केला तर सव्वादोन मिलिमीटर आले. जुळे सोलापूरच्या त्या दाराची फट साधारण तेवढीच होती.

मग तुम्ही मान वर केलीत. 'हात चांगला आहे की तुमचा. हत्यार खोटं आहे.' हे तुम्ही मला सांगितलंत. भाचा शेजारीच उभा होता, त्याच्याकडे बघितलंही नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते जनरेटरच्या धुरानं, असं मी त्याला सांगून ठेवलंय.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते याच्या पुढचं आहे. तुम्ही तुमच्या स्टॉलवरचा गुण्या काढलात आणि गुंडाळून पिशवीत टाकण्याऐवजी त्यालाही त्याच प्लायवर उलटा केलात. रेघा फाकल्या. थोड्याच, मी चष्मा लावून बघितल्यावर दिसल्या. तुम्ही त्या गुण्याच्या दांड्यावर खिळ्यानं फुली ओढलीत आणि तो टेबलाखाली ठेवलात. दुसरा काढला, त्याचीही फुली. गल्ल्यावरचा पोरगा मोबाइल खाली ठेवून तुमच्याकडे बघायला लागला होता. तिसरा काढला. दोन रेघा मारल्या, पण दिसत होती एकच. 'हा न्या,' म्हणालात.

220 रुपयांची वस्तू. वीस मिनिटं गेली तुमची, आणि मागे शटरच्या ऑर्डरवाला कुणी मोठा माणूस ताटकळत होता.

त्या फुल्या माझ्या डोक्यातून जात नाहीत. परत रॅकवर लावता आले असते ते दोन्ही. माझ्यामागे कुणीतरी आलंच असतं, वर्षभर स्वतःच्या हाताला शिव्या देत बसलं असतं, आणि तुमच्यापर्यंत त्यातलं काही पोचलं नसतं. मैदानापलीकडे सिद्धेश्वराचं तळं आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून ते खोदलं, ही गोष्ट आम्हाला पाळण्यापासून ऐकवतात, आणि 'कायक', म्हणजे काम हीच पूजा, या शब्दाशिवाय आमच्याकडे एक सत्कार समारंभ पार पडत नाही. हारतुरे घेऊन लोक घरी जातात. टेबलाखाली खराब माल सारणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. चांगलं वागायला फार पैसा लागत नाही असं म्हणतात खरं, पण तुम्हाला लागलाच की, दोन गुण्यांचा.

बाकी खरेदी तुमच्या जिवावर झाली, ती थोडक्यात सांगते. तुमच्या शेजारच्या स्टॉलवर ट्रिमरला लावायच्या बारा बिटांची, म्हणजे पात्यांची, पेटी निम्म्या भावात होती आणि मी पैसे काढले होते. तुम्ही मान वळवून विचारलंत, 'ट्रिमरचं कॉलेट कितीचं आहे?' कॉलेट म्हणजे बिटाचा दांडा धरणारी पकड. तिचं माप मला कुठं माहीत. घरी फोन लावला, शेजारच्या मुलीनं मशीन बघून सांगितलं, सहा मिलिमीटर. बिटांचे दांडे होते पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटर. आतच गेले नसते. आणि उलटं असतं, पाव इंची कॉलेटात सहाचं बिट, तर पकड न बसता सुटून अंगावर आलं असतं, असं तुम्ही म्हणालात. निम्म्या भावातली ती पेटी मला पूर्ण पैशाला पडली असती.

आणि लाकूड आवळून धरायचे शिकंजे. चार फुटी सहा हवे होते, पैसे होते चारांचे. तुम्ही म्हणालात, 'आज घेऊ नका. शेवटच्या दिवशी पाचनंतर या. लोखंड परत ट्रकात चढवायला कुणालाच नको असतंय.' गल्ल्यावरच्या पोराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालात! मी शेवटच्या दिवशी पाचला आले. चारांच्या पैशांत सहा मिळाले, पक्क्या बिलासकट. त्या दिवशी तुम्ही दिसला नाहीत. पोरानं बिल केलं.

मधे एकदा तुम्ही बोलून गेला होतात की कोल्हापूरकडं फाउंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात, तीस वर्षं लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचे नमुने, केले. ओतीव लोखंड निवताना शंभरात साधारण एक भाग आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, आणि त्यासाठी मापपट्टीच वेगळी असते, आकड्यांहून थोडी लांब. ही पट्टी मला बघायची होती. तेवढ्यात शटरवाला आला आणि तुम्ही त्याच्याकडे वळलात.

परवा नवं देवघर पूर्ण झालं. सागवानी, दोन दारांचं. दारं मिटली की मधे पोस्टकार्ड सरकेल एवढीच फट राहते, वरपासून खालपर्यंत सारखी. आईनं दार आठ-दहा वेळा उघडून मिटून बघितलं आणि काही न बोलता चहा टाकायला गेली. आप्पांचं काम पसंत पडलं की ती असंच करायची.

तो प्लायचा तुकडा मी मागून आणला होता, आठवतंय का? शेडमध्ये खिळ्याला टांगलाय. शेड पाण्याच्या टाकीमागे आहे, कुणालाही 'सुतारीणबाई' म्हणून विचारा. भाकरी आणि शेंगाचटणी नक्की मिळेल. येताना ती लांब मापपट्टी आणा.

एक मात्र मनात राहिलंय. फुल्या मारलेले ते दोन गुण्ये पोरानं तुमच्या पगारातून तर कापले नाहीत ना?

तुमची,
विडी घरकुलातली सुतारीण