हॅक्सॉ

ठाणे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बाळ्या,

दोन वर्षांत तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, त्याचा राग भेटल्यावर काढ. गुडघा बरा आहे. लिहितोय ते तालमीत जे झालं त्यासाठी, तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

खारकर आळीतल्या एका हॉलमध्ये आमची तालीम चालते. नाटक १९४२ चं, भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या त्यांच्या भूमिगत गटाच्या, दिवसांतलं. माझं पात्र काल्पनिक : कर्जतकडचा, सूत कातणारा मास्तर. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायचं ठरतं तेव्हा तो रात्रभर नाही म्हणतो आणि पहाटे म्हणतो, "लोखंडाला कुठे रक्त असतं?"

दिग्दर्शकाने खरा हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत, आणि लोखंडी अँगलचा तुकडा दिला. पातं कुरकुरायला लागलं, दात शिवशिवले, पायावर कीस पडायला लागला. आणि बाळ्या, मला आवडलं रे! तो "बस" म्हणाला तरी हात थांबेना.

तेव्हापासून एसटीची ती काच डोळ्यांपुढून हलत नाही. संपाच्या दिवशी तू दगड उचललास, मी तुझं मनगट धरलं. चार महिने तू मला भेकड म्हणत होतास आणि मी तुला अहिंसा शिकवत होतो. (त्या चार महिन्यांतही तलावपाळीवर वडापाव एकाच कागदातून खाल्ला, हे तुझ्या आईला अजून खरं वाटत नाही.) तुझा हात मी तत्त्वापायी धरला, की पोलिसांच्या गाडीला घाबरून? इतकी वर्षं मी तत्त्वच म्हणत आलो.

आणि शेवट. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. ती बातमी मास्तरला कळते. दिग्दर्शकाला तिथे घोषणा हवी आहे. मला वाटतं, तो चरख्यावर बसेल आणि धागा सारखा तुटेल. यावरून काल आमचं कडाक्याचं वाजलं.

धाकटीचं लग्न ठरलं म्हणे? घराचं गळणं थांबलं का? वहिनींना नमस्कार.

प्रयोग घाणेकर नाट्यगृहात आहे, तारीख कळवतो. ये. पण त्याआधी एक सांग. दगड तुझ्या मुठीतून सोडवताना तू काहीतरी पुटपुटला होतास. गर्दीत मला ऐकू आलं नव्हतं, आणि नंतर मी विचारलंच नाही. काय म्हणाला होतास?

तुझाच,
नाना